ताईंनी केलेली जागा

पंचिंगताईंचा कॉम्प्युटर सुरू व्हायला इतका वेळ लागायचा, की तेवढ्यात माझा चहा पिऊन व्हायचा, कप विसळून व्हायचा आणि त्यांच्या भावजयीशी दोन तिरके शब्दही बोलून व्हायचे. स्क्रीन निळी व्हायची, मग काळी, मग पुन्हा निळी. आतला पंखा घरघरायला लागला की ताई म्हणायच्या, "उठला गं." घरातलं म्हातारं माणूस दुपारची झोप काढून उठावं तसं. मी म्हणायचे, "ताई, ह्याला आता सुखानं जाऊ द्या." मग बराच वेळ त्या माझ्याशी बोलायच्या नाहीत.

मी भरतकामाचं मशीन चालवते. डॉक्टरांच्या कोटावरचं हॉस्पिटलचं चिन्ह, शाळेच्या स्वेटरवरचा बिल्ला, हॉटेलच्या टॉवेलच्या कोपऱ्यातलं नाव, हे सगळं मशीन शिवतं. पण मशीनला अक्कल नसते. सुई कुठे टोचायची, कुठून कुठे जायचं, दोरा कुठे तोडायचा, आधी पान की आधी देठ, हे टाक्याटाक्याने कुणीतरी आखून द्यावं लागतं. त्या आखण्याला आमच्या धंद्यात पंचिंग म्हणतात, आणि ताई ते करायच्या, म्हणून सगळा बाजार त्यांना पंचिंगताई म्हणायचा. चित्र काय, कुणीही काढेल. ते कापड न आवळता आणि दोरा न तुटता शिवलं जाईल असे टाके मांडणं हे सोम्यागोम्याचं काम नव्हे. ताईंचं डिझाइन मशीनला लावलं की मी बिनधास्त डबा खायला बसायचे. दुसऱ्या कुणाचं असलं की घास हातात आणि कान सुईकडे.

त्या हे काम शिकल्या तेव्हा कॉम्प्युटर नव्हता. चित्र कागदावर कितीतरी पट मोठं काढायचं आणि एका यंत्राने लांबलचक कागदी पट्टीला भोकं पाडत जायचं. एक डिझाइन म्हणजे पट्टीची एक गुंडाळी. ती एकदा मशीनला दिली की मशीनचीच झाली. मशीनमागच्या भिंतीवर खिळे ठोकलेले असत आणि खिळ्याखिळ्याला एकेक गुंडाळी लटकत असे. पुढच्या वर्षी तेच काम आलं की ऑपरेटर गुंडाळी काढून लावायचा. पंचिंग करणाऱ्याने आपल्याकडे काही ठेवायची रीत नव्हती. ही जुनी रीत ताईंच्या अंगात इतकी मुरली होती, हे मला कळायला फार उशीर झाला.

ताईंनी लग्न केलं नाही. आईवडिलांचं शेवटपर्यंत केलं, धाकट्या भावाला शिकवलं, आणि भावाचा संसार उभा राहिल्यावर त्या संसारात राहिल्या. आधी त्यांची खोली घराच्या मधोमध होती. भाची झाली तेव्हा त्यांचं कपाट सरकलं, भाचा झाला तेव्हा पलंग सरकला, मग ताईच सरकल्या आणि पॅसेजच्या टोकाच्या खोलीत गेल्या. कुणी ढकललं असं नाही म्हणता येणार. ढकलायची वेळच त्या कुणावर येऊ द्यायच्या नाहीत. पाहुणे यायचे कळले की आपली गादी आधीच गुंडाळून ठेवायच्या. मला ह्याचा भयंकर राग यायचा. "ताई, घर तुमच्या वडिलांचं आहे, धर्मशाळेत उतरल्यासारख्या काय राहता?" असं मी त्यांना तोंडावर म्हटलंय. त्या नुसत्या हसायच्या.

त्या टोकाच्या खोलीत भिंतीला लागून टेबल आणि टेबलावर तो कॉम्प्युटर. नवीन होता तेव्हा ताई त्याच्यावर घरी शिवलेली खोळ घालायच्या. पंचिंगचा प्रोग्राम त्याच्यावर चालायचा आणि नव्या कॉम्प्युटरवर तो चालत नव्हता, म्हणून ताईंनी तो बदलला नाही. घरातल्यांना मात्र त्याचा वेगळाच उपयोग सापडला. कुणाचाही फोन भरला की ते माणूस केबल घेऊन ताईंच्या दारात. "आत्या, हे तुझ्यात टाकून ठेवते हं." भाचीच्या नाचाचे व्हिडिओ, भाच्याच्या मॅचेस, भावाच्या सहली, आणि भावजयीच्या भावाचं लग्न तर दोनदा टाकलेलं, कारण पहिल्यांदा नीट आलं की नाही ह्याची खात्री नव्हती. आयुष्यात कुणी ते पुन्हा उघडून बघितलं नाही. ताई म्हणायच्या, "ठेवा की, मला काय त्याचं."

मग ताईंचे डोळे गेले. म्हणजे आंधळ्या झाल्या नाहीत. डोळ्याच्या पडद्याच्या मधोमध डाग पडला आणि तो पसरला. कडेचं सगळं दिसायचं. जिथे नेमकं बघायचं तिथेच काही नसायचं. माझा चेहरा बघायचा असला की त्या माझ्या कानाकडे बघायच्या. डॉक्टरांनी सांगितलं, आहे तेवढं टिकवू, गेलेलं येणार नाही. स्क्रीनवरची अक्षरं बोटभर मोठी केली की ताई वाचू शकायच्या, बटणं शोधू शकायच्या, फाईल उघडू शकायच्या. पण एका टाक्याशेजारी दुसरा टाका ठेवणं संपलं. सगळं आयुष्य ज्या कामात घातलं ते असं बसल्या जागी संपलं, आणि तेव्हाही त्या रडल्या नाहीत.

"आता हो काय, ताई?" मी विचारलं होतं.

"आता काय? नवीन नाही होणार, पण केलेली थोडी आहेत का? शाळा काही बिल्ले बदलत नाहीत आणि हॉस्पिटलं चिन्ह बदलत नाहीत. जोवर माझी डिझाइनं आहेत तोवर मी भावाच्या जिवावर जेवणार नाही. एवढं झालं की बास."

आणि तसंच चाललं होतं. दरवर्षी तेच कोट, तेच स्वेटर. गिऱ्हाईक माझ्याकडे यायचं, मी जिना चढून ताईंकडे जायचे, ताई ती फाईल शोधून पेनड्राइव्हवर घालून द्यायच्या, काम झालं की त्यांचा वाटा मी नेऊन द्यायचे. तो वाटा हातात घेताना त्या दरवेळी जरा अवघडायच्या. मला वाटायचं, स्वभाव आहे. घरात त्या आपल्या जेवणाचा खर्च भावजयीच्या हातावर ठेवायच्या, आणि त्या दिवशी जेवायला मधल्या टेबलावर बसायच्या. बाकीच्या दिवशी ताट घेऊन खोलीत जायच्या.

आता जे झालं ते.

माझ्या लेकीला मुलगा झाला आणि मी तिच्याकडे गेले. मी नसताना ताईंचा भाऊ कुठलीशी सहल करून आला आणि केबल घेऊन ताईंच्या खोलीत बसला. कॉम्प्युटरने सांगितलं, जागा नाही. त्याने पुन्हा केलं, पुन्हा तेच. ह्या पुढचं सगळं मला ताईंनीच नंतर सांगितलं, आणि सांगताना एकालाही दोष दिला नाही, तेव्हा तो मीच देते.

"ताई, तुझ्यात जागाच नाही म्हणतोय," भाऊ म्हणाला. मग त्याने इकडेतिकडे उघडून बघितलं. ताईंचा डिझाइनचा फोल्डर उघडला. खाली सरकवतोय, सरकवतोय, संपेचना. "बाप रे! केवढ्या फायली ह्या! हजारोंनी आहेत. मग कुठून राहणार जागा?"

एवढंच म्हणाला. काढून टाक असं म्हणाला नाही. त्याला तेवढंही म्हणावं लागत नाही.

ताईंनी विचार केला. व्हिडिओ मोजून बघितले तर थोडेसे होते, आणि आपली डिझाइनं तर सरकवून संपत नव्हती. ज्या बाईने जन्मभर कापडाचे तुकडे ट्रंकेत भरले, तिला हजार वस्तू म्हणजे हजार वस्तूंची जागा, एवढंच ठाऊक. शिवाय व्हिडिओ दुसऱ्यांचे. दुसऱ्याच्या वस्तूला ताई हात लावणार? त्या भाच्याची जुनी चप्पलसुद्धा विचारल्याशिवाय टाकायच्या नाहीत.

तर स्क्रीनवरची अक्षरं मोठी करून, नाक काचेला टेकवून, त्यांनी आपला फोल्डर साफ करायला घेतला. आधी जी दुकानं बंद पडली त्यांची काढली. मग खालच्या कोपऱ्यात बघितलं. जागा भरल्याची लाल पट्टी होती तशीच. मग ज्यांचं काम बरेच दिवस आलं नव्हतं त्यांची काढली. पट्टी लालच. मग शाळा. मग हॉटेलं. त्यांना वाटलं, अजून पुरेसं काढलेलं दिसत नाही. शेवटी हॉस्पिटलसुद्धा काढलं. एवढं करूनही पट्टी हलेना, तेव्हा त्यांनी कॉम्प्युटरचा स्वतःचा सफाईचा प्रोग्राम उघडला. त्यात चौकोनांची एक रांग येते, कुठला कुठला कचरा काढायचा विचारते. एकेक वाचायला डोळे कुठले? ताईंनी सगळ्या चौकोनांत खूण केली. पुसलेल्या फायली ज्या टोपलीत पडून राहतात, ती रिकामी करायचा चौकोनही त्यात होता. कॉम्प्युटर घरघरला, बराच वेळ खात बसला, आणि मग पट्टी निळी झाली. कितीतरी वर्षांचा साठलेला त्याचा स्वतःचाच कचरा निघाला होता. ताईंना वाटलं, आपल्या डिझाइनांनी अडवलेली जागा सुटली. त्यांनी भावाला हाक मारली. त्याने त्याच बैठकीत सहल आत घातली, आणि फोनमधलं मागचं राहिलेलंही सगळं घालून टाकलं.

मी परत आले ती हॉस्पिटलच्या स्टोअरच्या बाईंचा फोन घेऊनच. नवीन डॉक्टर आलेत, कोट शिवून तयार आहेत, चिन्ह लगेच हवं. वर्षातलं सगळ्यात मोठं काम. मी पेनड्राइव्ह घेऊन जिना चढले. ताई इतक्या खुशीत होत्या की मला आधी बाळाचं विचारायचंच विसरल्या.

"बघ, बघ, कसा पटकन उठला," त्या म्हणाल्या. खरंच उठला. "साफ केला मी. बघ पट्टी."

"वा! कुणी शिकवलं?"

"कोण शिकवणार? मीच. माझीच अडगळ होती सगळी."

मी म्हटलं, बरं झालं, आता हॉस्पिटलचं द्या.

त्या माझ्या कानाकडे बघून हसल्या. "आता कशाला उगाच जिना चढतेस? आहे ना तुझ्याकडे. घे आणि लाव मशीनला."

मला वाटलं, थट्टा करतायत. "माझ्याकडे कुठलं आलंय?"

"अगं, मशीनमध्ये. जेवढी दिली तेवढी सगळी मशीनमध्ये असणार ना. मग म्हटलं, दोन-दोन ठिकाणी कशाला? इथली काढून टाकली."

मी खुर्चीवर बसले. मशीनच्या पोटात जागा ती किती, काम झालं की आम्ही डिझाइन पुसतो. मीच नाही, जगातला प्रत्येक ऑपरेटर पुसतो, नाहीतर पुढचं काम आत घेताच येत नाही. पेनड्राइव्हही तसाच, आजचं काम उद्या नाही. हे मी त्यांना सांगत होते आणि माझा आवाज चढत होता. मी चिडले की ओरडते, घाबरले की आणखी ओरडते. "खिळे गेले ताई! खिळे जाऊन किती वर्षं झाली! काही राहत नाही मशीनमध्ये!"

त्यांनी ऐकून घेतलं. मग एकदम वेगळंच बोलल्या.

"म्हणजे तू दरवर्षी खरंच फाईलसाठी यायचीस?"

"मग कशाला येणार?"

"मला वाटायचं..." त्या थांबल्या. टेबलाच्या कडेवरून हात फिरवत राहिल्या. "मला वाटायचं, मशीनकडे आहे तरी बाई बिचारी जिना चढून येते. माझा वाटा निघावा म्हणून. माझा मान ठेवते."

इतकी वर्षं ही बाई स्वतःच्या कष्टाचं खात होती आणि तिला वाटत होतं, मी दया करतेय. म्हणून ते अवघडणं. आणि खरं काय ते कळलं ते नेमकं कधी, तर सगळं पुसून झाल्यावर.

मी तिथल्या तिथे कॉम्प्युटरचा डबा उपटला आणि हरवलेला डेटा काढून देतात त्या दुकानात नेला. ताईंना नेलं नाही. दुकानात एक जाडजूड बाई होत्या, आवाज मऊ. त्यांनी डिस्क काढली, आपल्या मशीनला लावली, मला बाहेर बाकावर बसवलं. खूप वेळाने आत बोलावलं.

"पुसल्यावर लगेच आणलं असतं तर मिळालं असतं बहुतेक," त्या म्हणाल्या. "पुसलेलं लगेच जात नाही. त्या जागेवर दुसरं काही लिहिलं गेलं की मग जातं. इथे पुसल्यापुसल्या मोठे मोठे व्हिडिओ घातलेत कुणीतरी. नेमके त्याच्यावरच."

"थोडं तरी?"

त्यांनी मान हलवली. तुकडे मिळाले होते, पण डिझाइनचा तुकडा म्हणजे काहीच नाही. सुई निम्म्यात जाऊन उभी राहणार.

माझ्या पेनड्राइव्हवर शेवटच्या कामाचं एकच डिझाइन राहिलं होतं, कुत्र्यांच्या दवाखान्याचं. तो दवाखाना बंद पडलाय. तरी मी त्यांना ते दाखवलं, म्हटलं, अशा असतात बघा आमच्या फायली. त्या बाईंनी त्याच्या आकड्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "ही? एवढीशी? अहो, अशा हजारो असल्या तरी ह्यातल्या एका व्हिडिओच्या पासंगाला पुरल्या नसत्या. ह्या पुसून जागा व्हायचा प्रश्नच नव्हता. लग्नाचा एक व्हिडिओ दोनदा आहे, तो एक काढला असता तरी चाललं असतं."

मी तोंडाची फटकळ आहे, माझ्या पोटात काही राहत नाही असं सगळे म्हणतात. हे मात्र मी गिळलं. ताईंना एवढंच सांगितलं, की मिळालं नाही.

भाऊ घरी होता. हवालदिल झाला, नाही असं नाही. पण पहिला प्रश्न त्याने विचारला तो असा: "माझे व्हिडिओ आहेत ना?" मग ताईंच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "ताई, कशाला एवढं मनाला लावून घेतेस? तुला इथे काय कमी आहे? आम्ही नाही का?" चांगल्या मनानेच म्हणाला. ताईंचा चेहरा असा झाला, की मला तिथे उभं राहवेना.

ताईंनी एकदा प्रयत्न केला. त्यांच्या ट्रंकेत प्रत्येक डिझाइनचा शिवलेला नमुना होता. कापडाचे तुकडे सगळे होते. टाक्यांची वाट तेवढी गेली होती. हॉस्पिटलचा नमुना काढून त्यांनी मला शेजारी बसवलं. मी डोळे, त्या हात. "देठापासून किती वर?" "अजून जरा." "आता?" "गेलं, ताई, बाहेर गेलं." मी सांगेपर्यंत त्यांचा हात पुढे गेलेला असायचा. त्या नमुन्यावर अंगठा फिरवून टाके चाचपायच्या, मग माऊस धरायच्या, मग पुन्हा अंगठा. दुपारभर बसून एक पान झालं. मला टाके बघता येतात, मांडता येत नाहीत, आणि माझ्या ह्या डोळ्यांचा त्या दिवशी मला इतका संताप आला. चांगले धडधाकट डोळे, उपयोग शून्य. दिवस ढकलत ढकलत ते चिन्ह कसंबसं पुरं झालं.

ताई स्वतः कारखान्यात आल्या. भिंतीला धरत धरत माझ्या मशीनपाशी उभ्या राहिल्या. मी रद्दी कापड लावून मशीन सुरू केलं. पहिलं पान ठीक. दुसऱ्याला कापड आवळायला लागलं, चुण्या पडल्या, दोरा एकाच जागी ढीग करून बसला. मी थांबवणार तेवढ्यात कट् असा आवाज झाला.

"मोडली ना?" ताईंनी विचारलं.

"सुई काय, मोडतेच," मी म्हटलं. "दुसरी लावते."

"नको लावू. माझ्या डिझाइनवर सुई कधी मोडली होती का? सांग. कधी मोडली होती का?"

मी मान खाली घालून मोडकी सुई काढली. मशीनचा मालक तिकडून बघत होता, त्यानेही मान खाली घातली. ताईंनी ते चुणलेलं कापड चाचपलं, घडी घातली आणि पर्समध्ये ठेवलं. घरी जाऊन टाकून दिलं असणार, कारण मला ते पुन्हा दिसलं नाही.

हॉस्पिटलचं काम थांबणार नव्हतं. मालकाने चिन्हाचा फोटो दुसऱ्या एका पंचिंगवाल्याला पाठवला. त्याने ते करून दिलं. बरं केलंय, फार बरं नाही. आता ते त्याचं झालं, शाळाही एकेक करून त्याच्याकडे गेल्या. एकदा गिऱ्हाईकाची फाईल ज्याच्याकडे, गिऱ्हाईक त्याचं.

घरातही हळूहळू सगळं जागच्या जागी बसलं. भाचीला अभ्यासाला खोली हवीच होती. ताई हॉलमध्ये झोपतात, सगळे निजले की गादी घालतात आणि सगळ्यांच्या आधी उचलतात. कॉम्प्युटर त्याच खोलीत आहे. भाऊ म्हणतो, असू दे, व्हिडिओ आहेत त्याच्यात. ताई आता मधल्या टेबलावर कधीच बसत नाहीत. मी भावजयीशी तिरकं बोलायचं सोडून दिलंय. काय बोलणार? ती ताट भरून वाढते. कमी वाढली असती तर भांडता तरी आलं असतं.

मी मालकाच्या मागे लागून ताईंना कारखान्यात दोरे कापायचं काम मिळवून दिलं. मशीनवरून उतरलेल्या मालाच्या पाठीमागे दोऱ्यांची शेपटं राहतात, ती छोट्या कात्रीने कापायची. बोटांनी चाचपून होतं. कारखान्यात हे काम कुणीही करतं, ज्याला दुसरं काही येत नाही त्याला हेच देतात. ताई माझ्या मशीनशेजारी स्टुलावर बसतात. त्यांनी कधी तक्रार केली नाही, आणि कधी हसल्याही नाहीत. पूर्वी मलाच त्यांना गप्प करावं लागायचं, इतकं बोलायच्या. आता मी बडबडते आणि त्या कापतात.

परवा हॉस्पिटलचे कोट होते. त्या पंचिंगवाल्याच्या चिन्हाचे. एकेक कोट त्यांच्या मांडीवर पालथा होत होता. मशीन दोरा बदलायला थांबलं, तेव्हा मध्ये जरा शांत झालं.

"तुला एक विचारायचं राहिलंय," त्या म्हणाल्या. "त्या दुकानातल्या बाईंनी बघितलं होतं ना आतलं सगळं? माझी डिझाइनं किती जागा खात होती गं? निम्मी तरी?"

मी दोरा ओवत होते. सुईच्या भोकाकडे बघत राहिले.

"खोटं सांगू नकोस. तुला खोटं बोलायला जमत नाही, लगेच आवाज चढतो."

"नव्हती खात, ताई," मी म्हटलं. "सगळी मिळून तुमच्या भाचीच्या एका नाचाएवढीसुद्धा नव्हती."

त्यांची कात्री थांबली. त्यांनी माझ्या कानाकडे बघितलं.

"म्हणजे असती तिथे, तरी कुणाला अडचण झाली नसती."

"नाही, ताई. कुणालाच नाही."

त्यांनी मांडीवरचा कोट सरळ केला. मग स्टूल थोडं मागे घेतलं, भिंतीला पाठ लागेपर्यंत, आणि पाय पोटाशी घेऊन बसल्या, मला जायला-यायला वाट राहावी म्हणून.